निवडून काढणें : एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

गोष्ट अगदीं लहान आहे. गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका जुन्या स्नेह्यांकडे बसलों असतां त्यांची नात इंग्रजीची वही घेऊन आली. शाळेंत ‘पिक आउट’ या क्रियापदाचा अर्थ ‘निवडणें’ असा सांगितला होता, व त्याचा उपयोग करून एक वाक्य लिहून आणावयाचें होतें. माजघरांत तिची आजी पुढ्यांत सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली होती. समोर घडत असलेलेंच मुलीनें लिहिलें : माझी आजी तांदूळ ‘पिक आउट’ करते. चार दिवसांनीं आम्ही पुनः गेलों तेव्हां त्या वाक्यावर तांबड्या शाईची फुली पडली होती. चूक कोणती तें लिहिलेलें नव्हतें. मुलगी म्हणाली, “आजोबा, अर्थ बाईंनींच सांगितला, आणि आजी तांदूळ निवडते हें तर तुम्हीही पाहिलेंत. मग खोटें कोण?”

आम्हीं त्या दिवशीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु प्रश्न मनांतून जाईना. शब्दाचा अर्थ बरोबर, डोळ्यांपुढची गोष्ट खरी, व्याकरणही शुद्ध. आणि तरी वाक्य चूक. असा प्रसंग जेथें येतो तेथें दोन भाषांच्या विचार करण्याच्या रीतींतच कांहीं भेद असला पाहिजे. तो भेद शोधूं लागलों, तेव्हां एका क्षुल्लक क्रियापदामागें केवढा इतिहास उभा आहे तें आमच्या ध्यानीं आलें. तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम त्या वाक्याची चूक पाहूं. आजी जेव्हां तांदूळ निवडते तेव्हां तिचीं बोटें तांदूळ उचलीत नाहींत. तीं खडे उचलतात, भाताचीं फोलें उचलतात, किडका दाणा असेल तर तो उचलतात. तांदूळ सुपांत राहतात. बाहेर जातो तो कचरा. असें असून मराठींत ‘निवडणें’ या क्रियेचें कर्म तांदूळ हेंच आहे. भाजी निवडणें हाही प्रयोग याच जातीचा. ज्या पदार्थाची शुद्धि व्हावयाची तो पदार्थ मराठी भाषा कर्माच्या जागीं बसविते. इंग्रजी ‘पिक आउट’ची दृष्टि निराळी आहे. त्यांतील ‘आउट’ म्हणजे बाहेर. समुदायांतून जें बाहेर काढलें जातें तेंच त्याचें कर्म. म्हणून इंग्रज गृहिणी तांदळांतून खडे ‘पिक आउट’ करील. तांदळाविषयीं बोलावयाचें झाल्यास ती ‘पिक ओव्हर’ म्हणेल, म्हणजे सगळ्या राशीवरून बोटें फिरवून ती साफ करील. मुलीच्या वाक्याचा इंग्रजी अर्थ असा झाला कीं, आजी तांदूळ तेवढे वेंचून बाहेर काढते व खडे सुपांत ठेवते ! फुली योग्यच होती. परंतु ‘निवडणें’ या एका शब्दावर भागविणारी शिकवणही त्या चुकींत भागीदार होती.

आतां या शब्दाच्या कुळाकडे वळूं. ‘पिक’ हें क्रियापद मूळचें मोठें रानवट आहे. अणकुचीदार वस्तूनें टोंचणें, पक्ष्यानें चोंचीनें टिपणें, बोटांनीं खुडणें असे त्याचे जुने अर्थ. चोंच मारणें या अर्थाचें ‘पेक’ हें त्याचेंच भावंड. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पसंत करून घेणें हा अर्थ आला. कोंबडी उकिरड्यावर एकेक दाणा टिपते तेव्हां ती टोंचतेही आणि निवडतेही. हाताच्या क्रियेपासून मनाच्या क्रियेपर्यंत शब्द कसा पोंचतो याचें हें चांगलें उदाहरण आहे.

निवडीचे इतर इंग्रजी शब्दही असेच बोलके आहेत. ‘चूज’ हा जुन्या इंग्रजींतला शब्द. त्याचें मूळ चव घेणें, रुचणें या अर्थाच्या प्राचीन धातूंत आहे, आणि आपल्या संस्कृतांतील ‘जुष्’, म्हणजे आवडीनें सेवन करणें, हा धातु त्याच मुळाचा फांटा आहे. ‘सिलेक्ट’ आणि ‘इलेक्ट’ हे लॅटिनमधून आलेले. दोहोंतही गोळा करणें, वेंचणें या अर्थाचा ‘लेगेरे’ हा धातु आहे. वाचणें या अर्थींही रोमन लोक हाच धातु वापरीत, जणूं वाचन म्हणजे अक्षरें वेंचणें. दोहोंमधून वेंचूं शकतो तो ‘इंटेलिजंट’, आणि जें वेंचण्याचें राहून गेलें तें ‘निग्लेक्ट’ झालेलें. आमच्या पूर्वजांची कल्पनाही याहून दूर नव्हती. ‘विवेक’ हा शब्द ‘विच्’ म्हणजे वेगळें करणें या धातूपासून झाला आहे. नीरक्षीरविवेक करणारा हंस हा आम्हीं बुद्धीचा आदर्श मानिला. सारांश, निवडतां येणें हीच बुद्धि, असें रोम आणि भारतवर्ष या दोन्ही ठिकाणच्या भाषांनीं ठरवून टाकलें आहे.

यावर कोणी विचारील, निवडीसाठीं इतके शब्द असतां ‘पिक’ला ‘आउट’चें शेपूट कशाला? याचें उत्तर इंग्रजी भाषेच्या घडणींत आहे. जुन्या इंग्रजींत असलीं दिशावाचक अव्ययें पुष्कळदां क्रियापदाच्या आधीं जोडून येत, जशीं आजही जर्मन भाषेंत येतात. जर्मन मनुष्य निवडण्याला ‘आउसवेलेन’ म्हणतो. त्यांत ‘आउस’ म्हणजे बाहेर हें अव्यय आरंभीं आहे, परंतु साध्या वाक्यांत तें क्रियापदापासून सुटून वाक्याच्या शेवटीं जातें. इंग्रजींत १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत भाषेची मोठी उलथापालथ झाली, आणि हीं अव्ययें हळूहळू क्रियापदाच्या मागें येऊन स्थिरावलीं. पंडितांनीं लॅटिन व फ्रेंच शब्दांचा भरणा केला, पण स्वयंपाकघरांत, शेतांत व बाजारांत सामान्य माणसानें आपल्या ‘गो’, ‘गेट’, ‘पुट’, ‘पिक’ या आखूड शब्दांनाच ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ हीं अव्ययें जोडून आपलें काम चालविलें. त्यामुळें ‘सिलेक्ट’ दरबारी पोशाखांत वावरतो आणि ‘पिक आउट’ घरच्या कपड्यांत.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेंत या क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख आहे. मागें लागलेल्या अव्ययामुळें अर्थ पालटतो आणि परकीयांना याचीच अडचण सर्वांत अधिक भासते, असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें आहे. आमच्या स्नेह्यांची नात त्या परकीयांच्या लांबलचक रांगेंतली अगदीं अलीकडची ! या क्रियापदांना नांव मात्र पुष्कळ उशिरां रूढ झालें. लोगन पियर्सल स्मिथ यांनीं १९२५ च्या आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथांत ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा वापरली, आणि ती कोशकार हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविल्याचें त्यांनीं नमूद केलें.

आपल्याकडे हा प्रकार अगदींच अपरिचित आहे असें मात्र नव्हे. संस्कृतांत हेंच काम उपसर्ग करितात. भेद एवढाच कीं ते धातूच्या पुढें उभे राहतात. ‘चि’ म्हणजे गोळा करणें, वेंचणें. त्याला निरनिराळे उपसर्ग लागून संचय, उपचय, अपचय, परिचय आणि निश्चय असे परस्परांपासून फार दूरचे शब्द निघाले. माणसाची ओळख आणि मनाचा निर्धार हीं दोन्ही एका वेंचण्यांतून जन्मलीं, हें पाहून कोणालाही कौतुक वाटेल. मराठीनें तिसरीच वाट धरिली. आपण एका क्रियापदावर दुसरें क्रियापद ठेवितों. निवडून घेणें यांत निवडणाराचा स्वार्थ आहे. निवडून देणें यांत दुसऱ्याचा लाभ आहे. निवडून ठेवणें यांत पुढची तरतूद आहे. आणि निवडून काढणें यांत समुदायापासून वेगळें करणें आहे. इंग्रजीचा ‘आउट’ आपल्या ‘काढणें’ या शब्दांत आला. म्हणून ‘पिक आउट’चा नेमका प्रतिशब्द ‘निवडणें’ नसून ‘निवडून काढणें’ हा आहे. तांदूळ निवडावयाचे, पण खडे निवडून काढावयाचे. आमच्या आजीबाईंना हा भेद व्याकरण न शिकतां ठाऊक असतो.

समुदायांतून एकास वेगळें करण्याचा हा व्यापार प्राचीन वैयाकरणांच्या नजरेंतून सुटला नव्हता. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायांत त्यासाठीं स्वतंत्र सूत्र घातलें असून या व्यापाराला ‘निर्धारण’ असें नांव दिलें आहे. जाति, गुण किंवा क्रिया यांच्या योगानें समुदायाचा एक भाग जेव्हां वेगळा काढावयाचा असतो, तेव्हां समुदायवाचक शब्दाला षष्ठी किंवा सप्तमी लागते, असा त्याचा आशय. गायींमध्यें काळी गाय फार दूध देते, हें टीकाकारांचें आवडतें उदाहरण. भगवद्गीतेचा दहावा अध्याय ज्यांनीं वाचला असेल त्यांच्या हें सहज लक्षांत येईल. वृक्षांमध्यें अश्वत्थ, ऋतूंमध्यें वसंत, अशी तेथें निर्धारणांची मालिकाच आहे. मराठींत हें काम ‘मध्यें’, ‘पैकीं’ आणि ‘तून’ करितात, इंग्रजींत ‘अमंग’, ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’. दहा मुलांतून एकाला निवडून काढलें, असें म्हणतांना आपण नकळत पाणिनीचें सूत्रच चालवीत असतों.

‘पिक आउट’चा दुसरा अर्थ याहून सूक्ष्म आहे. गर्दींत आपला माणूस ओळखून काढणें, अंधुक उजेडांत दूरचें देऊळ नजरेनें हुडकणें, यालाही इंग्रजींत हेंच क्रियापद. येथें पसंतीचा प्रश्न नाहीं, ओळखीचा आहे. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदतात, हें समजण्यास महाभारतांतील दमयंतीच्या स्वयंवरासारखा प्रसंग नाहीं. इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघे देव नळाचेंच रूप घेऊन बसले. दमयंतीची पसंती केव्हांच ठरलेली होती. अडचण होती ती ओळखण्याची. पांच सारख्या पुरुषांतून एकास वेगळें काढल्याखेरीज त्याला वरतां येईना. तिनें देवांचीच प्रार्थना केली, आणि त्यांनीं आपलीं लक्षणें प्रकट केलीं. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, पाय भूमीला लागत नव्हते, माळा कोमेजल्या नव्हत्या. नळ मात्र घामेजलेला, धुळीनें माखलेला, सावली पडणारा, मर्त्य. त्याच्या उणेपणावरूनच तो ओळखूं आला ! प्रथम ओळखून काढणें, मग निवडून घेणें. एका क्रियापदाचे दोन अर्थ येथें एकामागून एक घडतात.

बाकीचे प्रयोग थोडक्यांत सांगतों. स्वरलेखन समोर नसतां कानानें अंदाज घेत पेटीवर एखादी चाल बसविणें यालाही ‘पिक आउट’ म्हणतात. आपणही पेटीवर गाणें ‘काढतों’. काळ्या पाटीवर सोनेरी रंगानें अक्षरें उठविलीं तर तीं सोनेरी रंगानें ‘पिक आउट’ केलीं असें म्हणतात. रचनेचा नियम असा कीं, कर्म नाम असेल तर तें ‘आउट’च्या आधीं वा नंतर कोठेंही चालतें, परंतु सर्वनाम असेल तर तें मध्येंच बसलें पाहिजे. अव्यय बदललें कीं अर्थ पालटतो. ‘पिक अप’ म्हणजे उचलून घेणें, ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या मागें लागून त्याला छळणें, आणि ‘पिक ऑफ’ म्हणजे एकेकाला टिपून मारणें. क्रियापद तेंच, फरक दोन अक्षरांच्या अव्ययाचा.

या छळाच्या आणि टिपण्याच्या अर्थांपाशीं आम्ही क्षणभर थांबूं इच्छितों. कारण निवडीच्या शब्दांत एक गंभीर बाजू आहे. ‘पिक आउट’चा जवळचा आप्त ‘सिंगल आउट’. हा शब्द सोळाव्या शतकांत हरणांच्या शिकारींतून आला. कुत्रे कळपांतून एका हरणाला बाजूला काढीत. तें एकदां एकटें पडलें कीं त्याचें आयुष्य संपलें. आज ‘सिंगल आउट’ हें स्तुतीसाठींही योजतात आणि शिक्षेसाठींही. एका विद्यार्थ्याचें नांव भर सभेंत बक्षिसासाठीं घेतलें तरी तो ‘सिंगल आउट’, आणि सगळ्या वर्गानें केलेल्या दंग्याबद्दल त्या एकट्याला उभें केलें तरी तोच शब्द. कळपाबाहेर काढलेल्याचें भाग्य काय, हें शब्द सांगत नाहीं. काढणाराचा हेतु सांगतो. लॅटिनमधून आलेल्या ‘इग्रीजियस’ या शब्दाचा इतिहास याच मासल्याचा आहे. त्याचा मूळ अर्थ कळपांतून उठून दिसणारा, म्हणजे नामांकित. पुढें उपरोधानें वापरतां वापरतां तो अत्यंत वाईट या अर्थी स्थिर झाला.

शब्दांची निवड करतांना हाच धोका भाषांतरकाराला असतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. या ग्रंथांचे उपकार आमच्यावर अपार आहेत. परंतु कोश एका शब्दापुढें पांच प्रतिशब्द मांडून ठेवतो. त्यांतून कोणता उचलावयाचा हें तो ठरवीत नाहीं. तें भाषांतरकारानें ठरवावयाचें असतें, आणि कधीं कधीं त्याच्या त्या निवडीवर दुसऱ्याचें आयुष्य तोललेलें असतें.

महाराष्ट्रानें याचें उदाहरण १९०८ सालीं पाहिलें. लोकमान्य टिळकांवर केसरींतील लेखांसाठीं राजद्रोहाचा खटला मुंबईच्या हायकोर्टांत चालला. लेख मराठी होते. परंतु ज्यूरीपुढें ठेवण्यांत आलें तें त्यांचें इंग्रजी भाषांतर. टिळकांनीं स्वतः आपली बाजू मांडतांना एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केलें, आणि त्यांच्या प्रतिपादनाचा एक प्रमुख मुद्दा असा होता कीं, भाषांतर सदोष असून मराठी शब्दांचे त्यांत निवडलेले अर्थ मुळाला सोडून आहेत. २२ जुलै १९०८ रोजीं सात विरुद्ध दोन मतांनीं ज्यूरीनें त्यांस दोषी ठरविलें, आणि न्या. दावर यांनीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. केवळ भाषांतरामुळें हा निकाल लागला असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारचा हेतु काय होता तें उघड आहे. पण एका शब्दाच्या अनेक अर्थांतून एकच निवडून काढणें ही केवळ पंतोजींची करमणूक नव्हे, एवढें त्यावरून कळण्यासारखें आहे. जो अर्थ बाहेर काढला गेला तोच ज्यूरीपुढें गेला. जे सुपांत राहिले त्यांना कोणी विचारलें नाहीं.

निवडीचा आणखी एक प्रयोग रोजच्या बोलण्यांत रुळला आहे, तो ‘निवडून येणें’. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हां लोकांनीं आपले प्रतिनिधि निवडावे हें तत्त्व पुढें आलें. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलांत कांहीं सभासद लोकांच्या संस्थांच्या शिफारशीनें घेतले जाऊं लागले, परंतु कायद्यानें ‘इलेक्शन’ हा शब्द मोठ्या शिताफीनें टाळला. निवड करावयाची आणि तिला निवड म्हणावयाचें नाहीं! १९०९ च्या कायद्यानें ती लाज सोडली, पण मताचा अधिकार मूठभरांचाच राहिला. पुढें १९५१-५२ सालीं स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि प्रौढ स्त्रीपुरुषांच्या हातीं सूप आलें. आपली भाषा येथें किती नेमकी आहे तें पाहावें. मतदार निवडून ‘देतात’, म्हणजे आपल्यापुरतें घेत नाहींत, सर्वांसाठीं देतात. उमेदवार निवडून ‘येतो’, म्हणजे कर्तृत्व त्याचें नव्हे, निवडणारांचें आहे. विजयी उमेदवाराला या व्याकरणाचा फार लवकर विसर पडतो, हा दोष व्याकरणाचा नव्हे.

त्या मुलीला आम्हीं पुढें हें सारें सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर ती कंटाळून पळाली असती. आम्ही तिला आजीच्या शेजारीं बसविलें आणि विचारलें, “आजीच्या बोटांनीं बाहेर काय काढलें तें पाहून सांग.” ती क्षणभर पाहत राहिली, मग म्हणाली, “खडे !” लगेच तिनें वही उघडली, ‘तांदूळ’ या अर्थाचा शब्द खोडला आणि त्या जागीं ‘खडे’ या अर्थाचा लिहिला. तेवढ्यानें वाक्य शुद्ध झालें. आजीनें मान वर न करतांच विचारलें, “काय ग चुकलें होतें माझें?” मुलगी म्हणाली, “तुझें कांहीं नाहीं आजी. मीच तांदूळ टाकून देत होतें.”